भुकटीचे धातू आणि वेगाचा घाव

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही पालकांना वाटेल की, हा तर प्रयोगशाळेतल्या पंडितांचा विषय. आमच्या घुग्घुसला त्याचे काय? पण आपण राहतो ते गावच कोळसा, लोखंड आणि सिमेंट यांवर उभे आहे. सभोवती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत, एसीसीचा चांदा सिमेंट कारखाना आहे, लॉईड्स मेटल्सचा स्पंज आयर्नचा कारखाना आहे. गडचिरोलीतल्या सुरजागडचे लोहखनिज आपल्याच दारात येऊन पडते. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल या धातूंवर पेटते. कुराण शरीफच्या सत्तावन्नाव्या सूरेचे नावच ‘अल-हदीद’, म्हणजे लोखंड, असे आहे. तेव्हा लोखंडाविषयी दोन शब्द समजून घेणे हे आपल्याला परके नाही.

आपण लहानपणापासून पाहतो की धातू वितळवतात, साच्यात ओततात किंवा तापवून घणाने ठोकतात. पण धातूची वस्तू करण्याची आणखी एक तऱ्हा आहे. धातूची बारीक भुकटी करायची, ती पोलादी साच्यात भरून प्रचंड दाबाने दाबायची आणि मग भट्टीत तापवायची, मात्र वितळेपर्यंत नाही. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. त्याच्या भुकटीची वस्तू सुमारे ११२० अंशांवर तापवतात. तेवढ्या उष्णतेने कण एकमेकांना चिकटतात आणि सांधले जातात. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. दाब किती? दर चौरस सेंटीमीटरवर चार ते सात टन. एवढे करूनही वस्तूत साधारण दहावा हिस्सा पोकळी राहते. डोळ्यांना दिसणार नाहीत अशी असंख्य छिद्रे तिच्यात असतात.

ही छिद्रे कधी गुण ठरतात, कधी दोष. आपल्या घरातल्या पंख्याच्या बुशमध्ये ती गुण असतात. पितळेसारखा दिसणारा तो बुश तांबे व कथील यांच्या भुकटीचा असतो आणि त्याच्या छिद्रांत तेल मुरवलेले असते. पंखा फिरला, बुश तापला की तेल आपोआप बाहेर येते. थांबला की पुन्हा आत शोषले जाते. विजेच्या जुन्या बल्बमधली तारही भुकटीचीच. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतो. त्याला वितळवून साच्यात कोण ओतणार? म्हणून १९०९ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची भुकटी दाबून, तापवून, ठोकून तिची तार ओढण्याची रीत बसवली.

आपल्या गावच्या स्पंज आयर्नचे नातेही याच घराण्याशी आहे. फिरत्या भट्टीत कोळशाबरोबर लोहखनिज साधारण हजार अंशांपर्यंत तापवतात. खनिजातला प्राणवायू निघून जातो, लोखंड न वितळताच मागे उरते आणि प्राणवायूच्या जागी छिद्रे राहतात. म्हणून नाव ‘स्पंज’. आपल्याकडे ते पुढे वितळवून पोलाद करतात. स्वीडनमधील होगानास कंपनीने मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी स्पंज लोखंडाची रीत बसवली आणि पुढे त्याच लोखंडाची भुकटी जगभर विकली. त्या कंपनीचा कारखाना आपल्या महाराष्ट्रात अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथे आहे. तिथली भुकटी गाड्यांच्या भागांसाठी जाते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. असा भुकटीचा धातू जोराच्या घावाखाली कसा वागतो?

शाळेतला खडू घ्या. खडूही भुकटीचाच बनलेला असतो. तो उभा धरून दोन्ही टोकांनी दाबा. सहजासहजी तुटत नाही. तोच दोन बोटांनी वाकवा, कटकन मोडतो. भुकटीच्या वस्तूचा हा स्वभावच आहे. दाब ती पुष्कळ सोसते, ताण मात्र कमी सोसते. कारण ताण आला की प्रत्येक छिद्र म्हणजे जणू कापडाला आधीच दिलेली चीर. एकदा चीर धावू लागली की कापड फाटायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात रस्त्याचे डांबर चपलेला चिकटते हे आपण जाणतो. हिवाळ्यात थंड डांबराचा गोळा तसाच ठेवला तर काही दिवसांत तो आपल्याच वजनाने पसरतो. पण त्याच गोळ्यावर हातोडा मारा, तो काचेसारखा फुटतो. वस्तू तीच. फरक फक्त किती वेळात जोर लावला याचा. धातूंचेही तसेच आहे. सावकाश ओढून काढलेली ताकद आणि घावाखालची ताकद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून ‘हे लोखंड मजबूत आहे’ एवढे म्हणून भागत नाही, ‘कशापुढे मजबूत?’ असे विचारावे लागते.

तिसरी गोष्ट लाटेची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. कॅरमच्या पाटावर पाच-सहा सोंगट्या एकमेकींना चिकटवून रांगेत ठेवा आणि एका टोकाला स्ट्रायकर मारा. मधल्या सोंगट्या जवळजवळ जागच्या हलत नाहीत, शेवटची मात्र उडून जाते. घाव एका टोकाला, परिणाम दुसऱ्या टोकाला! धातूच्या सळईतही हेच होते. घावाची लाट पोलादी सळईतून सेकंदाला सुमारे पाच हजार मीटर वेगाने धावते. ती जाताना दाबाची असते. पण मोकळ्या टोकाला आपटून परत फिरताना ती ताणाची होते. आणि आपण आताच पाहिले की ताणापुढे भुकटीचा धातू दुबळा. म्हणून पुढून मारलेल्या घावाने मागच्या बाजूचा पापुद्रा उडालेला दिसतो. पुढून पाहणाऱ्याला मात्र सारे ठीकठाक वाटते.

केंब्रिजचे प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी १९१४ मध्ये याच गुणाचा उपयोग करून घाव मोजण्याची सळई तयार केली. तिच्या टोकाला एक छोटा तुकडा लावलेला असे. घाव बसला की तो कॅरमच्या शेवटच्या सोंगटीसारखा उडे, आणि त्याच्या वेगावरून घावाचा हिशेब मांडता येई. पुढे १९४९ मध्ये कोल्स्की यांनी त्या सळईचे दोन भाग करून मधोमध नमुना ठेवण्याची युक्ती काढली. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत भुकटीच्या धातूंची परीक्षा याच सळईने होते.

पण हे पाहायला केंब्रिजला जाण्याची गरज नाही. आपल्या खुल्या खाणींत सुरुंग लावणाऱ्या माणसाला विचारा. तो सांगेल की समोर मोकळी बाजू नसेल तर दगड नीट फुटत नाही. त्याचे एक कारण हेच. सुरुंगाची दाबाची लाट मोकळ्या बाजूला पोचून ताणाची होऊन परतते, आणि दगड दाबाने जितका तग धरतो तितका ताणाने धरत नाही. ज्याने कधी पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडले नाही असा कामगार ते विज्ञान रोज हातांनी वापरतो. त्याच्या मुलाने ते पुस्तक उघडावे, एवढीच आपली अपेक्षा.

इतिहासातलेही एक उदाहरण देतो. दिल्लीला कुव्वतुल इस्लाम मशिदीच्या अंगणात गुप्तकाळचा लोहस्तंभ उभा आहे. उंची सुमारे सात मीटर, वजन सहा टनांहून अधिक. तो ओतीव नाही. कोळशाच्या भट्टीत न वितळवता काढलेल्या स्पंजासारख्या लोखंडाचे गोळे तापवून, एकमेकांवर ठोकून तो घडवला आहे. म्हणजे आपल्या भुकटीच्या धातूंचा तो बुजुर्गच. जमिनीपासून सुमारे चार मीटर उंचीवर त्याला एक खड्डा आहे. तो जवळून डागलेल्या तोफगोळ्याचा आहे, असे अभ्यासक मानतात. १७३९ मध्ये नादिरशहाच्या स्वारीत तो गोळा डागला गेला असावा, असा समज आहे. खड्ड्याच्या अगदी विरुद्ध बाजूला स्तंभावर आडव्या चिरा पडल्या आहेत. घाव पुढे, चीर मागे! तरीही स्तंभ मोडला नाही. ज्या अनाम लोहारांनी तो ठोकला, त्यांनी घणाच्या हर घावाबरोबर आतली पोकळी मिटवत नेली होती. भुकटीच्या किंवा स्पंजाच्या लोखंडाला पुन्हा तापवून ठोकले की छिद्रे बंद होतात आणि ते घाव सोसू लागते, ही रीत आजचे कारखानेही वापरतात.

मग छिद्रे नेहमी वाईटच का? नाही. मुरमुऱ्याची पिशवी आणि तांदळाची पिशवी यांवर बुक्की मारून पाहा. मुरमुरे चुरडतात, पण हाताला मार लागत नाही. घावाचा जोर चुरडण्यात खर्च होतो. सच्छिद्र धातूवर जोराचा आघात झाला की छिद्रे चुरडून मिटतात, त्या कामात पुष्कळ ऊर्जा जिरते आणि धातू भरीव तुकड्यापेक्षा अधिक तापतो. मोटारसायकलच्या हेल्मेटमधले थर्माकोल याच नियमाने तुमचे डोके वाचवते. ते एकदाच चुरडते. म्हणून पडलेल्या, जोराने आपटलेल्या हेल्मेटचे बाहेरचे कवच चांगले दिसले तरी ते बदलावे. आणि मुलांनो, हेल्मेट गाडीच्या आरशावर लटकवण्यासाठी नसते.

आता खाणीत जाऊ. दगडात भोक पाडणाऱ्या जॅकहॅमरच्या बिटच्या टोकाला करड्या रंगाचा जो कठीण तुकडा असतो, तो टंगस्टन कार्बाइडचा. हाही भुकटीचाच. १९२३ मध्ये जर्मनीच्या ऑसराम कंपनीत कार्ल श्र्योटर यांनी टंगस्टन कार्बाइडच्या अतिकठीण कणांत कोबाल्ट धातूची भुकटी मिसळून तो बनवला. हेतू होता बल्बची तार ओढण्याच्या साच्यात हिऱ्याच्या जागी काहीतरी स्वस्त वापरण्याचा. पुढे क्रुप कंपनीने त्याला ‘विडिया’ नाव दिले, म्हणजे जर्मन भाषेत ‘हिऱ्यासारखा’. बल्बसाठी निघालेली वस्तू खाणीत पोचली ती अशी.

दोन पदार्थ मिळून, पण एकमेकांत न विरघळता, जे बनते त्याला कॉम्पोझिट, म्हणजे संमिश्र पदार्थ, म्हणतात. इथे कार्बाइडचे कण कठीण पण ठिसूळ. कोबाल्ट मऊ पण चिवट. भिंतीत विटा आणि चुना असतात तसे. कोबाल्ट वाढवला तर तुकडा घाव अधिक सोसतो पण लवकर झिजतो; कमी केला तर झिजत नाही पण तुटतो. दगडाची जात पाहून ते प्रमाण ठरवावे लागते. आता घावाचा हिशेब पाहा. जॅकहॅमरचा दट्ट्या सेकंदाला साधारण दहा मीटर वेगाने सळईवर आपटतो असे धरले, तर सळईतून जाणारी लाट दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे दोन हजार किलोचा दाब घेऊन धावते. आणि असे घाव मिनिटाला दोन हजारांच्या आसपास. तो छोटा तुकडा हे सारे सोसतो.

याच घराण्यातला सर्वांत बलाढ्य भाऊ म्हणजे टंगस्टनची जड मिश्रधातू. यात नव्वद टक्क्यांहून अधिक टंगस्टन आणि बाकी निकेल व लोखंड यांची भुकटी असते. सुमारे पंधराशे अंशांवर निकेल-लोखंड वितळते, टंगस्टनचे कण मात्र घन राहून गोलसर होतात. बुंदीच्या लाडवात पाकाने बुंदी धरावी तसे. बुंदी म्हणजे टंगस्टन, पाक म्हणजे निकेल-लोखंड. पाक कच्चा राहिला की लाडू विस्कटतो. इथेही सगळी चिवटाई पाकावरच. हा धातू पोलादाच्या दुपटीहून अधिक जड असतो. रणगाड्याचे चिलखत भेदणारा बाण यापासून करतात. हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने हा धातू देशात विकसित केला, तिरुचिरापल्लीच्या हेवी अलॉय पेनिट्रेटर प्रकल्पात तो तयार होऊ लागला, आणि दारूगोळ्याची रचना करणारी ‘एआरडीई’ ही संस्था आपल्या पुण्यात पाषाणला आहे. आपल्या शेजारी भद्रावतीला दारूगोळा भरणारी चांदा आयुध निर्माणी आहे. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे. नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात टंगस्टनची खनिजे आढळली आहेत. म्हणजे हे सारे काही सातासमुद्रापलीकडचे नाही.

हिशेबासाठी धरा की बाण चार किलोचा आणि वेग सेकंदाला पंधराशे मीटर. त्याची ऊर्जा होते पंचेचाळीस लाख जूल. साडेबावीस टनांचा भरलेला ट्रक ताशी बहात्तर किलोमीटरने धावतो तेव्हा त्याची ऊर्जा तेवढीच असते. ती सारी अंगठ्याएवढ्या जागेवर येऊन आदळते. तिथला दाब पोलादाच्या ताकदीच्या कित्येक पट होतो आणि पोलाद चिखलासारखे बाजूला सरते. बाणाचे टोकही छत्रीसारखे पसरते. हे सगळे इतक्या थोड्या वेळात घडते की निर्माण झालेल्या उष्णतेला पसरायला सवडच मिळत नाही. ती अरुंद पट्ट्यांत कोंडते, तिथला धातू मऊ होतो आणि तिथेच घसरून तुटतो. टोक छत्रीसारखे न पसरता या पट्ट्यांवर तुटून टोकदारच राहावे, यासाठी शास्त्रज्ञ लाडवाचा ‘पाक’ बदलून पाहत आले आहेत.

कोणी म्हणेल, हे तर विध्वंसाचे ज्ञान. त्यांना मी दुसरे उदाहरण देईन. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम क्षेपणास्त्रांच्या कामात होते तेव्हा हलक्या संमिश्र पदार्थांचा अनुभव हाताशी होता. त्यातूनच हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील पोलिओग्रस्त मुलांसाठी पायाचे हलके कॅलिपर तयार झाले. तीन किलोचे ओझे तीनशे ग्रॅमवर आले. आपल्या आयुष्यातल्या मोठ्या समाधानांत ते याची गणना करीत. ज्ञान तेच, ते कोणाच्या हाती आहे आणि कोणत्या नियतीने, यावर सारे अवलंबून.

या तंतूंच्या संमिश्र पदार्थांची एक खोड मात्र लक्षात ठेवावी. काचेच्या वा कार्बनच्या तंतूंचे थर राळेने चिकटवून ते करतात. त्यांवर आघात झाला की वरून खूण दिसत नाही, आत थर सुटलेले असतात. लोखंडाला पोचा पडतो, तो कबुली देतो. हे पदार्थ दुखणे आत ठेवतात. म्हणून त्यांची तपासणी ध्वनिलहरींनी करावी लागते.

आता पालकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. आपली कितीतरी मुले दहावीच्या आधी किंवा नंतर गॅरेजमध्ये, लेथवर, वेल्डिंगच्या दुकानात उस्तादाच्या हाताखाली जातात. त्यात कमीपणा काहीच नाही. हुन्नर ही बरकत आहे. पण वेगाचा घाव तिथेही आहे. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून भूछत्रासारखे पसरते. त्याची कड एखाद्या घावाने सुटते आणि गोळीसारखी उडते. कठीण केलेल्या बेअरिंगवर किंवा कानशीवर हातोडा मारला तर तिचा कपचा उडतो. तो कपचा डोळ्यात गेला की काय होते, हे मी सांगायला नको. छिन्नीचे पसरलेले डोके घासून काढायला पाच मिनिटे लागतात. चष्म्याला थोडे पैसे लागतात. डोळा मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. तसेच कार्बाइडचे टूल कोरडे घासताना जी धूळ उडते, तिच्यात कोबाल्ट असतो आणि ती फुप्फुसाला कायमचे दुखणे लावू शकते. पाणी लावून घासावे, तोंडाला चांगला मास्क असावा, आणि हवा खेचून घेणारा पंखा असावा. मुलगा कामावर जात असेल तर संध्याकाळी त्याला मजुरीबरोबर हेही विचारा की, ‘बेटा, आज डोळ्यांवर चष्मा होता ना?’

आणि शक्य असेल तर त्याला शिकू द्या. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयटीआय आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीत धातुशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. धातुशास्त्र म्हटले की पालक नाक मुरडतात, ‘त्यापेक्षा कॉम्प्युटर घे’ म्हणतात. पण खाण, पोलाद, सिमेंट आणि आयुध निर्माणी ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या मुलाने धातू शिकू नये तर कोणी शिकावे? ज्या घरात घण चालवणारे हात आहेत, त्याच घरातून घावाचा हिशेब मांडणारे डोकेही निघाले पाहिजे. नाहीतर आपण पिढ्यान्‌पिढ्या सळईच्या त्याच टोकाला राहू, जिथे घाव बसतो.

मुलींच्या पालकांनाही हेच सांगणे. गोळी अडवणाऱ्या जाकिटातला केव्हलार हा धागा १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या बाईंनी शोधला. त्या धाग्यात घावाची लाट पोलादाहूनही वेगाने पसरते, म्हणून एका ठिपक्यावरचा मार क्षणात मोठ्या भागावर वाटला जातो. ज्यांच्या शोधाने असंख्य लोकांचे प्राण वाचले त्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एक स्त्री होत्या, हे आपल्या लेकींना जरूर सांगा.

विद्यार्थी मित्रांनो, सुरुवात घरापासून करा. खडू वाकवून पाहा, कॅरमच्या सोंगट्या रांगेत लावून पाहा, निकामी पंख्याचा बुश काढून गरम करा आणि त्यातून तेल कसे पाझरते ते बघा. मग पुस्तक उघडा. तिथली समीकरणे ओळखीची वाटतील. भुकटीचा एक कण फुंकरीने उडून जातो. तेच कण दाबाखाली एकत्र आले, आचेत टिकले आणि एकमेकांना धरून राहिले, की दगड फोडतात. समाजाचेही काही निराळे नाही. दाब आणि आच आपल्या वाट्याला पुष्कळ आली आहे. सांधण्याचे काम तालीमच करील.